मोजणाऱ्याशी बोलायचं नाही

कुशल हात हीच देशाची खरी संपत्ती असते. हे वाक्य कौशल्य विकास केंद्राच्या दारावर दोन फुटी अक्षरांत रंगवलेलं होतं, आणि त्या न्यायाने पाहिलं तर देशातलं सगळ्यात श्रीमंत घर मोटार भरणाऱ्या अण्णांचं ठरायला हवं होतं. घरात पाच माणसं आणि जिन्याच्या भिंतीवर अकरा प्रमाणपत्रं. थोरला मुलगा, दादा, त्या केंद्रात नोकरीला होता. सरकारने पाहणी करून शोधून काढलं होतं की जिल्ह्यात कुशल माणसांची तूट आहे, आणि ती भरून काढायची तर प्रत्येक वर्गात तीस डोकी हवीत. ही डोकी जमवणं हे दादाचं काम. सत्तावीस जमली की तो उरलेल्या तिघांसाठी घरी यायचा. त्यामुळे आई, वय एकाहत्तर, सरकारी नोंदीप्रमाणे फोर्कलिफ्ट चालक होती. वहिनी वेल्डर होती, दुसऱ्या श्रेणीची. आणि पन्नास वर्षं जळक्या मोटारींतली काळी पडलेली तार उपसून नवी तांब्याची तार भरत आलेले अण्णा केशभूषा सहायक होते. त्यांना स्वतःला केस नव्हते, पण अर्जात तसा रकानाही नव्हता.

सरकारच्या लेखी घरात एकच माणूस अकुशल होता. ती छोटी. सगळ्यांत धाकटी म्हणून छोटी, वय बेचाळीस. अण्णांचा हात थरथरायला लागल्यापासून दुकानातली प्रत्येक मोटार तीच भरत होती. तिला कुठल्याही वर्गात न बसवण्याचं कारण सरळ होतं. दादा अर्ज घेऊन यायचा तेव्हा ती नेमकी मोजत असायची.

कॉइल गुंडाळताना वेढे मोजावे लागतात. दोनशे वीस म्हणजे दोनशे वीस. दहा कमी पडले की मोटार तापते, वीस कमी पडले की जळते. गुंडाळायच्या यंत्रावर आकडे दाखवणारी एक चकती आली होती. ती अण्णांनी तीस वर्षांपूर्वीच काढून टाकली होती, कारण चकतीला जबाबदारी नसते. तिच्या जागी त्यांनी नियम केला: मोजणाऱ्याशी बोलायचं नाही, आणि मोजणाऱ्यानेही बोलायचं नाही. बोललं की आकडा जातो, आकडा गेला की तार सोडून पुन्हा एकपासून. घरात देवाधर्माचं फारसं कुणाला नव्हतं, पण हा नियम पाळला जायचा. परिणामी बावीस वर्षांत या घरातले सगळे महत्त्वाचे निर्णय छोटीच्या समोर आणि तिच्या मौनात झाले होते.

त्या रविवारी सकाळी साडेदहाला दादा खालच्या दुकानात टेबलावरची धूळ पुसत होता. हे काम तो कधी करत नसे, त्यामुळे धूळ टेबलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेली एवढंच झालं. अकरा वाजता परीक्षक येणार होते. पाणीपुरवठा खात्याचं पत्र आलं होतं: पुढच्या महिन्यापासून पंपांच्या मोटारी फक्त प्रमाणित कारागिराकडेच भरायला दिल्या जातील आणि करार त्याच्याच नावाने होईल. गेली वीस वर्षं खात्याच्या मोटारी इथेच येत होत्या. त्या थांबल्या असत्या तर दुकानात पंखे आणि मिक्सर उरले असते.

"नाव कुणाचं घातलंस?" अण्णांनी विचारलं. ते दाराजवळच्या स्टुलावर बसले होते.

"दुकानाचं."

"दुकान परीक्षेला बसणार आहे?"

"दुकानातर्फे कुणाला तरी बसावं लागतं, अण्णा. मी बसतो."

"बसण्यात तुझा हात कुणी धरणार नाही," अण्णा म्हणाले.

दादाने हे मनाला लावून घेतलं नाही. त्याच्या दृष्टीने तो त्याग करत होता. रविवारची सुट्टी मोडून, घराण्याचा थोरला मुलगा म्हणून, ज्या कामातलं त्याला ओ की ठो कळत नाही त्याची परीक्षा तो देणार होता. योजना त्याने नीट आखली होती. फोटोपुरता तो यंत्रापाशी बसेल, कॉइल छोटीने पहाटेच गुंडाळून कपाटामागे ठेवलेली असेल, आणि तोंडी प्रश्नांची उत्तरं तो स्वतः देईल. तोंडी उत्तरं देण्यात त्याला तोड नव्हती. योजनेत एकच कच्चा दुवा होता. ती छोटीला सांगायची राहिली होती.

छोटी यंत्राचा दांडा फिरवत होती. बेकरीच्या मोठ्या मिक्सरची मोटार. उद्या सकाळी द्यायची होती. तिने दांडा थांबवला, तारेला गाठ मारली, पेन्सिलीने कागदावर आकडा लिहिला आणि मान वर केली.

"माझं नाव का नाही?"

"तुला विचारलं होतं," दादा म्हणाला. "शुक्रवारी. तू काही बोलली नाहीस."

"शुक्रवारी मी मोजत होते."

"मग मी काय समजायचं? माणूस विचारतो, समोरचा गप्प बसतो. जगात याला होकारच म्हणतात."

"त्या माणसाला मात्र तू नकार म्हणून सांगितलंस," छोटी म्हणाली.

अकरा वर्षांपूर्वी एक गृहस्थ छोटीला लग्नाचं विचारायला आला होता. त्याने विचारलं तेव्हा ती एकशे साठवर होती. तिने मान वर केली नाही, आणि दादाने त्याला सांगितलं की ही तयार नाही. दोनशे होऊन छोटीने वर पाहिलं तेव्हा त्याची सायकलसुद्धा दिसत नव्हती.

"जुनं उकरून काढू नकोस," दादा म्हणाला. "हे आत्ताचं बोल."

"आत्ताचंच बोलते. करार माझ्या नावाने व्हायला पाहिजे. मोटारी मी भरते."

"मी कुठे म्हणतो तू भरत नाहीस? भर ना. नुसतं नाव तर माझं."

वहिनी एवढा वेळ जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून खात्याचं पत्र वाचत होती. तिला छापलेलं सगळं वाचायची सवय होती. औषधाच्या बाटलीवरचं, वॉशिंग मशीनच्या झाकणावरचं. आदल्या रात्रीपर्यंत ती नवऱ्याच्या बाजूने होती. घरात शांतता असावी एवढंच तिचं धोरण होतं आणि दादाला हो म्हटलं की ती मिळायची. पण आता तिने पत्र उलटलं होतं आणि मागच्या बाजूला अटी होत्या. नवव्या अटीवर तिचं बोट थांबलं.

"अहो," ती म्हणाली, "हे बघितलंत का? प्रमाणपत्र ज्याच्या नावाने आहे त्याने सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा कार्यशाळेत हजर राहायचं. रोज. तपासणी कधीही होऊ शकते."

"राहीन की. केंद्रातून रजा काढतो, नाहीतर सोडतो. घरचं काम आधी."

वहिनीने पत्राची घडी घातली. अठरा वर्षांच्या संसारात दादा सकाळी साडेनऊला घराबाहेर पडायचा आणि साडेसहाला परत यायचा. या मधल्या नऊ तासांवर तिचा संसार उभा होता. रविवारी तो घरी असला की डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचा, पंखा कुणी चालू ठेवला याची चौकशी करायचा आणि दर वीस मिनिटांनी चहाचं काय झालं म्हणून विचारायचा. दुकान स्वयंपाकघराच्या बरोबर खाली होतं. तिने आठवड्यातून सात रविवार डोळ्यांपुढे आणून पाहिले.

"छोटीचं नाव घाला," ती म्हणाली.

"अगं, कालपर्यंत तूच म्हणत होतीस—"

"कालपर्यंत मी एकच बाजू वाचली होती."

"आता नाव बदलणं सोपं नाही. सरकारी काम आहे."

"मागच्या वेळी वेल्डिंगला आईंच्या जागी मला बसवलंत, तेव्हा किती वेळ लागला होता?"

दादाने भिंतीकडे पाहिलं. "चार मिनिटं," तो म्हणाला.

त्याने फोन काढला आणि नाव बदलायला घेतलं, पण पडताना माणूस जसं काहीतरी धरतो तसं तो म्हणाला, "माझं काही नाही. पण तोंडी परीक्षेला चाळीस गुण आहेत. काम करता करता उत्तरं द्यायची असतात, तसा नियमच आहे. आणि ही काम करताना तोंड उघडत नाही. नापास झाली तर सहा महिने पुन्हा बसता येत नाही. मोटारी गेल्या म्हणून समजा."

तेवढ्यात परीक्षक आले.

परीक्षक पन्नाशीचे, थकलेले आणि सभ्य होते. पाठीवर बॅग, हातात टॅब. काल त्यांनी पाव भाजणाऱ्यांची परीक्षा घेतली होती आणि परवा मुलं सांभाळणाऱ्यांची. "मला मोटारीतलं काहीच कळत नाही," त्यांनी आल्याआल्या सांगितलं, "त्यामुळे मी पूर्ण निःपक्षपाती असतो." मग त्यांनी टॅब पाण्याच्या कॅनवर उभा करून ठेवला. पंख्याची एक कॉइल, दोनशे वीस वेढे. बारा प्रश्न. कॅमेरा चालू आणि हात फिरत असला तरच प्रश्न पडद्यावर येणार. हात थांबला की प्रश्न बंद.

"आधी गुंडाळून घेते, मग बारा काय बावीस विचारा," छोटी म्हणाली.

"माझं काही म्हणणं नाही, ताई. पण हा ऐकत नाही," परीक्षकांनी टॅबकडे बोट दाखवलं.

छोटीने तार अडकवली आणि दांडा फिरवायला सुरुवात केली. सत्तेचाळीसला पहिला प्रश्न आला. कामाच्या ठिकाणी सुरक्षेसाठी कोणती तीन साधनं वापरावीत? तिला उत्तर येत होतं. ते तिच्या जिभेवर होतं, पण जिभेच्या मागेच एकोणपन्नास होता. पन्नास. एक्कावन्न.

"उत्तर नाही," परीक्षक म्हणाले आणि टॅबने बारीक आवाज केला.

नव्वदला टॅबने तोच प्रश्न पुन्हा विचारला. पुन्हा तोच आवाज. वहिनीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. दादाच्या चेहऱ्यावर आपलं खरं ठरल्याचं दुःख होतं. आता कुणीतरी बोलायला हवं होतं आणि नियमाप्रमाणे कुणालाच बोलता येत नव्हतं.

"उत्तर दे," अण्णा म्हणाले.

दांडा मंदावला, पण फिरत राहिला. ज्याने नियम केला त्यानेच तो मोडला होता. छोटीने बापाकडे पाहिलं. अण्णा दाराबाहेर बघत होते, जणू ते वाक्य रस्त्यावरून कुणीतरी आत टाकलं होतं.

"तुम्ही बोललात," ती म्हणाली.

"बोललो. दे उत्तर."

"चष्मा, हातमोजे, जाड तळाचे बूट," छोटी म्हणाली. मग तिने गुंडाळलेली सगळी तार सोडवली आणि एकपासून सुरुवात केली.

"हे काय?" परीक्षकांनी विचारलं. "चांगले निम्मे झाले होते की. पुढे चालू ठेवा."

"निम्मे म्हणजे किती?"

"ते तुम्हाला माहीत असणार."

"होतं. तुम्ही दोघं बोलेपर्यंत."

साडेबारापर्यंत चार प्रश्न झाले. चारही उत्तरं बरोबर होती आणि चारही वेळा कॉइल एकवर आली. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. दोन वाजता दुसऱ्या गावात शिवणकामाची परीक्षा होती. पाचव्या प्रश्नाचं उत्तर देऊन छोटीने पुन्हा तार सोडवायला घेतली, तेव्हा आई चहाचा ट्रे घेऊन मागच्या दारात उभी होती.

"सोडू नकोस," आई म्हणाली. "एकाहत्तर झालेत."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"तुला काय माहीत?" अण्णांनी विचारलं.

"मोजत होते."

"तू का मोजत होतीस?"

आईने ट्रे ठेवला. मुलं लहान होती तेव्हा स्वयंपाकघर खालीच, या भिंतीच्या पलीकडे होतं. आता ते वर गेलं होतं. यंत्राचा दांडा दर फेरीला एकदा कुरकुरतो, आणि ती कुरकुर दोन्हीकडे सारखीच ऐकू येते. भाजी चिरताना, कपडे घडी करताना, मुलांना झोपवताना तिच्या डोक्यात आकडे चालत राहायचे. आधी अण्णांचे, मग छोटीचे. सुरुवातीला तिला त्याची कटकट वाटायची. नंतर दुकान बंद असलं की चुकल्यासारखं व्हायला लागलं.

"स्वयंपाकघरात दुसरं काय करणार," ती म्हणाली. "कुणी बोलू तर देत नव्हतं."

अण्णा स्टुलावरून उठले. "एवढी वर्षं मोजतेस? सगळ्या मोटारी?"

"घरात असेन तेवढ्या."

"गिरणीची?" त्यांनी हळूच विचारलं.

पिठाच्या गिरणीची मोटार ही अण्णांच्या आयुष्यातली एकमेव डागी मोटार होती. भरून दिली आणि चौथ्या दिवशी जळली. दोष तारेचा होता, असं त्यांनी तेव्हाच जाहीर केलं होतं.

"गिरणीची मला चांगली आठवते," आई म्हणाली. "तुम्ही ऐंशीवरून एकदम एकशे एकवर गेलात. मोठ्याने मोजायचात तेव्हा. मला वाटलं, त्या मोटारीला तसंच असेल."

"सांगायचं नाही?"

"मोजणाऱ्याशी बोलायचं नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं ना."

अण्णा परत बसले. "मी तारवाल्याशी सतरा वर्षं बोललो नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे. चांगला माणूस होता."

परीक्षकांनी घसा खाकरला. छोटीने आईकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं. मोजणाऱ्याने स्वतः मोजायचं. दुसऱ्याच्या आकड्यावर तिने आजवर एक वेढाही घातला नव्हता. दुसऱ्याच्या आकड्यावर विसंबणं म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यांनी रस्ता ओलांडणं. पण सात प्रश्न उरले होते आणि अर्धा तास.

"आई, तू मोज," ती म्हणाली. "मोठ्याने."

"असं चालत नाही," अण्णा म्हणाले, पण सवयीने.

"अण्णा, मला करार माझ्या नावाने हवाय. बावीस वर्षं झाली."

अण्णांनी हात हलवला. तो तसाही हलतच होता, पण हे हलवणं वेगळं होतं.

परीक्षकांनी टॅबवर नियम शोधला. "मदतनीस घेता येतो," ते म्हणाले, "पण तो प्रमाणित पाहिजे. कुठल्या कामात प्रमाणित, ते लिहिलेलं नाही."

दादा जिन्याकडे धावला. आज सकाळपासून तो पहिल्यांदाच धावत होता. त्याने आईचं फोर्कलिफ्टचं प्रमाणपत्र फ्रेमसकट आणलं. परीक्षकांनी त्याचा फोटो काढला. आईने पदर खोचला आणि यंत्राशेजारी उभी राहिली.

"बहात्तर," आई म्हणाली. "त्र्याहत्तर."

दांडा फिरू लागला. सहावा प्रश्न: वार्निश दिल्यावर मोटार किती वेळ सुकवावी? छोटीने उत्तर दिलं. हात चालू होता. तिने सातव्याचं दिलं, आठव्याचं दिलं. डोक्यात आकडा नसताना दांडा फिरवणं तिला आधी जड गेलं, मग हलकं वाटायला लागलं. बावीस वर्षांत प्रथमच हात कामात होते आणि तोंड मोकळं होतं.

नववा प्रश्न होता: सहकाऱ्यांशी मतभेद झाल्यास आपण संवाद कसा साधाल?

"एकशे नऊ," आई म्हणाली.

"आधी हे सांगेन की माडीवरची खोली मला हवी होती," छोटी म्हणाली. "तिथे दादाने रिकामी खोकी ठेवली आहेत."

"एकशे दहा."

"अगं, पण तेव्हा तू—" दादाने सुरुवात केली.

अण्णांनी बोट वर केलं. आई मोजत होती. मोजणाऱ्याच्या समोर कुणी बोलायचं नसतं. परीक्षा देणाऱ्याचा अपवाद सरकारने केला होता, भावाचा केला नव्हता. दादाने तोंड मिटलं.

"फ्रिज पांढरा घ्यायचा होता. मरून रंगाचा कुणी सांगितला? एकशे साठला जो माणूस आला होता, तो मला पसंत होता. मी मनात म्हटलं, चाळीस वेढे थांबेल. तू त्याला वीसही थांबू दिलं नाहीस. दर रविवारी मटार सोलायचे माझ्याकडे ठेवून जाता, मी मोजत असते म्हणून. मला मटार सोलायला आवडत नाहीत."

वहिनीने खाली पाहिलं. मटार तिचे होते.

"एकशे एकोणचाळीस," आई म्हणाली, एकसारख्या आवाजात. तिचे डोळे दांड्यावर होते.

"आणि अण्णा, चकती काढायला नको होती. बाकी तुम्ही शिकवलंत ते सगळं बरोबर."

अण्णांना यावर बरंच बोलायचं होतं. त्यांनी स्वतःचंच वर केलेलं बोट पाहिलं आणि ते तसंच राहू दिलं.

उरलेल्या तीन प्रश्नांची उत्तरंही हात फिरता ठेवूनच झाली, आणि दोनशे वीसला आई थांबली. छोटीने गाठ मारली, कॉइल काढली आणि मीटरची टोकं लावली. काटा जिथे यायचा तिथे आला. परीक्षकांना ते कळलं नाही, पण सगळे ज्या तऱ्हेने श्वास सोडून मोकळे झाले त्यावरून त्यांनी गुण दिले. तोंडी परीक्षेच्या रकान्यात ते जरा वेळ थांबले.

"सहकाऱ्यांशी संवाद," ते म्हणाले, "या प्रश्नाला लोक दोन वाक्यांत उत्तर देतात. इतकं सविस्तर मी आजपर्यंत ऐकलं नव्हतं." त्यांनी पूर्ण गुण दिले, आईने दिलेला गार चहा प्यायला आणि शिवणकामाकडे निघून गेले.

मग सगळ्यांनाच बोलायची मुभा झाली आणि कुणालाच सुचेना. शेवटी दादा म्हणाला, "खोकी काढतो मी. आजच काढतो." अण्णा टोपी घालून बाहेर पडले. तारवाल्याचं दुकान अजून तिथेच आहे का, हे त्यांनी जाताना वहिनीला विचारलं. ते होतं, आता त्याचा मुलगा बसत असे.

पाचव्या आठवड्यात प्रमाणपत्र आलं. त्यावर छोटीचं पूर्ण नाव होतं. दादाने फ्रेम आणली. छोटीने ती जिन्यात लावू दिली नाही. दुकानात, यंत्राच्या वर, स्वतःच्या हाताने खिळा ठोकून लावली, आणि दुसऱ्या दिवशी प्रत घेऊन पाणीपुरवठा खात्यात गेली.

खात्याने करार कौशल्य विकास केंद्राशी केला होता, कारण केंद्राकडे मोटार भरणारे अठ्ठावन्न प्रमाणित कारागीर होते आणि छोटीच्या दुकानात एक. त्या अठ्ठावन्नांपैकी कुणी मोटार उघडून पाहिलेली नसल्यामुळे केंद्र खात्याच्या मोटारी छोटीकडे पाठवतं. पूर्वी त्या सोमवारी यायच्या. आता बुधवारी येतात.